चिकूच्या माहेरी चार रात्री

आमच्या परसात विहिरीला लागून चिकूचं झाड आहे. सासूबाईंनी लावलेलं. फळ गोड, पण वटवाघळं आमच्यापर्यंत फारसं पोचू देत नाहीत, आणि लाकडाचा विचार तर घरात कोणी कधी केलाच नाही. फेब्रुवारीत मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाच्या जंगलात, माया नावाच्या लोकांच्या तिकाल या जुन्या नगरात फिरत होतो. पडक्या राजवाड्याच्या एका दारावर आडवी तुळई होती. गाईडनं तिच्याकडे बोट करून स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. लेक एकदम ओरडली, "आई, चिकू!" बाराशे वर्षांपूर्वी घातलेलं चिकूचं लाकूड, डोक्यावर दगडी भिंत घेऊन अजून तसंच. चिकूचं मूळ रान हेच, नावसुद्धा तिकडचंच. मी चप्पल काढून नमस्कार केला. जावई हसले, हसू देत.

हे लिहायला जून उजाडला, कारण आंब्याचा हंगाम संपेपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मी राजापूर तालुक्यात, समुद्राकडच्या अंगाला, चार खोल्यांचं घरगुती पर्यटन चालवते. अकरा वर्षं झाली. त्यामुळे दुसऱ्याच्या खोलीत गेले की आधी नळ सोडून बघते, मग गादी उचलून बघते, मग खिडकीबाहेर काय दिसतं ते. तिकालचं आणि तिथल्या आमच्या लॉजचं हे परीक्षण त्या नजरेचं आहे. सासूची नजर म्हटलंत तरी चालेल.

लेक ह्यूस्टनला असते. तिनं तिकिटं काढली तेव्हा घरात मोहोरावरची फवारणी चालू होती, त्यामुळे आमचे हे हलेनात. मी एकटी गेले. ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी साधारण तीन तास, तिथून लहान विमानानं फ्लोरेसला तासाभरात, मग व्हॅननं दीड तास. फ्लोरेस हे तळ्यातलं बेट आहे, रंगीत घरांचं, एका बांधानं किनाऱ्याला जोडलेलं. आम्ही तिथे फक्त जेवलो. पण एक गोष्ट डोक्यात बसली. माया लोकांचं शेवटचं स्वतंत्र नगर याच बेटावर होतं आणि स्पॅनिशांनी ते 1697 साली घेतलं. म्हणजे आपले राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं की जगाच्या दोन टोकांना एकाच वेळी वेढे पडले होते.

आता लॉज. आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडासमोरची, खाली बार आणि वर खोल्या असलेली इमारत डोळ्यांसमोर येते. तसं नव्हे हे. राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीतच पंधरा-वीस सुट्या खोल्या, वर ताडासारख्या पानांचं शाकारलेलं छप्पर, पुढे पडवी आणि पडवीत झुला. आमच्या लहानपणी खळ्यावर माडाच्या झापांचा मांडव असायचा, त्याचा वास यायचा तसाच वास. नाव मी घालत नाही. याच धंद्यात असल्यामुळे मला माहीत आहे, एका वाईट रात्रीमुळे माणसाची वर्षाची कमाई जाते.

खोली तिघांना पुरेशी. गाद्या घट्ट, चादरी उन्हात वाळवलेल्या, वासावरून कळतं. न्हाणीघरात शेवाळाचा ठिपका नाही, आणि दमट जंगलात हे सोपं नाही, कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. गरम पाणी फक्त संध्याकाळी सहा ते नऊ. वीज रात्री दहाला बंद, ती पहाटेपर्यंत येत नाही. लेक कुरकुरली, फोन चार्ज व्हायचा होता. मला मात्र कितीतरी वर्षांनी खरा काळोख मिळाला. आमच्या गावात आता रस्त्यावर पांढरे दिवे लागलेत आणि घुबडंसुद्धा बिचकतात.

मच्छरदाणीला दोन भोकं होती. ऑफिसातल्या मुलीला खाणाखुणांनी दाखवली, तिनं मान डोलावली आणि कोणी आलं नाही. पर्समध्ये सुई-दोरा असतोच, मीच शिवली. दुसऱ्या दिवशी झाडायला आलेल्या बाईनं ते टाके निरखून पाहिले, हसली आणि जाताना दोन उशा जास्तीच्या ठेवून गेली.

खरी चिडचीड वेगळीच. बुकिंग करताना त्यांच्या पानावर ‘इको’ हा शब्द सहा वेळा होता, लेकीनं मोजला. टॉवेल पुन्हा वापरा म्हणून पलंगावर कार्ड, पाणी जपून वापरा म्हणून नळाशी कार्ड. आणि रोज संध्याकाळी खोलीत प्लास्टिकच्या सहा बाटल्या. चार रात्रींत चोवीस. मोठा जार ठेवून आमच्या बाटल्या भरू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी विचारायला लावलं. उत्तर आलं, पाहुणे सीलबंदच मागतात. हे उत्तर मी स्वतः पाहुण्यांना दिलेलं असल्यामुळे पुढे काही बोलता येईना.

पहिल्या रात्री साडेतीनच्या सुमाराला मी ताडकन उठून बसले. बाहेर काहीतरी गुरगुरत होतं. साधं नाही, एखाद्या बोगद्यातून वारा घुसावा आणि त्याच वेळी वाघानं डरकाळी फोडावी तसं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो गडग्यावरून आत आलेला मी दोनदा पाहिलाय, कुत्रं नेलेलं पाहिलंय. पण तो कधी असा आवाज करत नाही. मी लेकीला हलवलं. ती झोपेतच म्हणाली, "माकडं आहेत आई, झोप." हाउलर माकडं. काळी, आमच्या वानरांपेक्षा लहानच. पण गळ्यातलं हाड पोकळ डब्यासारखं असल्यानं आवाज मैलभर जातो. सकाळी पाहिलं तर झाडावर पाय पसरून पानं खात बसली होती, रात्रीचं काही आठवत नसल्यासारखी. या आवाजासाठी वेगळे पैसे लावले असते तरी मी दिले असते.

आता स्वयंपाकघर, म्हणजे माझा प्रांत. तिसऱ्या दिवशी मी सरळ आत गेले. स्वयंपाकीण माझ्याच वयाची, मुलीशी केक्ची या माया भाषेत बोलणारी, आमच्याशी स्पॅनिशमध्ये. मी मराठीत. काही अडलं नाही. मका ती आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवते. हो, चुना, आपण पानाला लावतो तोच. सकाळी तो चोळून धुतला की साल सुटते आणि दाण्याला एक वेगळाच वास येतो. मग वाटून त्याच्या भाकऱ्या, तोर्तिया. हाताच्या तळव्यांवर थापतात, परातीत नाही. मला वाटलं, चुना फक्त साल काढायला. जावयांनी नंतर सांगितलं की चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि तिकडे मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगानं मेली. स्वयंपाकघरातली रीत घरातल्या बाईला विचारल्याशिवाय उचलली की असं होतं.

मी थापून बघितली. तांदळाच्या भाकरीचा हात बसलेला असल्यामुळे कडा फाटल्या. तिनं माझी भाकरी वेगळी भाजली आणि मलाच वाढली.

दुसरी गोष्ट रामोन. जंगलभर हे झाड आहे, अवशेषांच्या आसपास तर जास्तच. त्याच्या बिया उकडून देतात. तोंडात टाकली आणि मी म्हटलं, "अगं, ही तर आठळी!" खरंच ते झाड आपल्या फणसाच्याच कुळातलं निघालं. बिया वाळवून दळतात, पिठाचे केक करतात, भाजून कॉफीसारखं पेयही करतात. आम्ही आठळ्या राखेत पुरून पावसाळ्यासाठी ठेवायचो, आता पुरायला राख राहिली नाही आणि मुलांना आठळी म्हणजे कचरा.

बाकी ताटात काळ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं, अंडी, आणि तळ्यातला पांढरा मासा. मासा ताजा, पण मीठ आणि लिंबू एवढंच. मी तिखटाची पूड बरोबर नेली होती. लाज वाटली, कारण मिरची मूळची त्यांच्याच बाजूची. आमच्या कोकणचा मेवा म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे काजू, पेरू, पपई, अननस मांडतो, ते सगळं अमेरिकेतून आलेलं. त्यांच्या वाडीत मात्र आंबा होता. रायवळच म्हणायचा, धाग्यांनी भरलेला. हापूसबद्दल मी काही बोलले नाही, परक्या घरी मोठेपणा मिरवू नये.

न्याहारी धरून तिघांच्या खोलीला रात्रीचे साधारण नव्वद डॉलर पडले. उद्यानाचं तिकीट वेगळं. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला 150 केत्साल, म्हणजे सोळाशे-सतराशे रुपये. केत्साल हे त्यांच्या नाण्याचं नाव आणि लांब हिरव्या शेपटीच्या एका पक्ष्याचंही. तो पक्षी डोंगराळ भागात राहतो, इथे दिसत नाही. गाईड दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

तिकालबद्दल काय सांगू. उद्यान 1955 सालचं, 576 चौरस किलोमीटरचं, आणि 1979 पासून युनेस्कोच्या यादीत, तेही निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. हा दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे जुनं बांधकाम सापडलं की आधी झाडं तोडतात, मग लॉन लावतात आणि कारंजं बसवतात. तिथे देवळापासून देवळापर्यंत अर्धा-अर्धा तास नुसत्या रानातून चालायचं. वाटेत मोराचे डोळे पिसांवर उमटलेल्या टर्क्या फिरतात, आणि मुंगूस व माकड यांच्या मधलं काहीतरी वाटणारे पिसोते शेपट्या उभ्या करून ओळीनं जातात. जमिनीवर पानांचे हिरवे तुकडे चालताना दिसले. खाली मुंग्या. आमच्या ओंबीलींसारख्या चावऱ्या नव्हेत. पानं बिळात नेऊन त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. शेतकरीच म्हणायच्या.

मग झाडी संपते आणि मोठा चौक समोर येतो. समोरासमोर दोन देवळं. पहिलं 47 मीटर उंच, पायऱ्या इतक्या उभ्या की शिडीच वाटावी. त्याच्याखाली हसाव चान काविल या राजाची समाधी. वर चढायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. माझ्यामागे एक तरुण हुज्जत घालत होता, एवढ्या लांब आलोय म्हणून. रखवालदारानं त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या देवळावर बाजूनं लाकडी जिना आहे, तिथून हे पहिलं छान दिसतं.

दगड चुनखडीचा, पांढरट. जांभ्यात वाढलेल्या माणसाला आधी फिका वाटतो. पण चुनखडीवर कोरता येतं, आणि त्यांनी ते हवं तेवढं केलं. चौकात उभ्या शिळा आहेत, राजांच्या आकृत्या आणि लेख असलेल्या. तारखा अशा नेमक्या कोरल्यात की आज वर्ष सांगता येतं. शेवटची तारखेची शिळा 869 सालची. त्यानंतर कोणी कोरलं नाही.

गाईड चांगला होता, पण त्याची गाडी राजे आणि लढायांवरच अडायची. मला विचारायचं होतं ते पाण्याचं. एवढ्या माणसांना पाणी कुठून? कारण तिकालला ना नदी ना बारमाही झरा, आणि चुनखडीत पाणी टिकत नाही, पार खाली झिरपतं. शेवटी त्याला ओढतच एका खोल, झाडीनं भरलेल्या खड्ड्याच्या कडेवर नेलं. तो तलाव. तिथे तो खुलला. म्हणाला, तिकाल या नावाचा अर्थच पाणवठ्यापाशी असा लावतात. चौक, अंगणं, पायऱ्या, सगळ्यांना चुन्याचा गिलावा, आणि उतार मुद्दाम तलावाकडे. पावसाळ्यात पडलेला पाऊस उरलेल्या महिन्यांना पुरवायचा. आख्खं गाव म्हणजे एक मोठी पागोळी.

एका तलावाशी तर पाणी गाळायची सोय होती. स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट हे खनिज, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बाहेरून मुद्दाम आणून घातलेलं. झिओलाइट आजही पाणी शुद्ध करायला वापरतात. हे 2020 मध्ये संशोधकांनी दाखवलं. आणि त्याच वर्षी राजवाड्यालगतच्या तलावाच्या गाळात पारा सापडल्याचंही. लाल रंगासाठी हिंगूळ हे पाऱ्याचं खनिज वापरायचे, भिंतींवर, थडग्यांत. पावसानं तो धुऊन तलावात. राजाच्या दारचं पाणी विषारी, आणि लांबचं स्वच्छ. नवव्या शतकात अवर्षणं आली तेव्हा पाण्याचं हे सगळं गणित कोसळलं, असं गाईडचं म्हणणं. एकटं तेच कारण नसावं, लढायाही होत्याच. पण मी त्या कडेवर बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात मी पाहुण्यांना बादल्या मोजून देते.

सूर्योदयाची फेरी वेगळी घ्यावी लागते, तिला जास्तीचे पैसे आणि गाईड सक्तीचा. पहाटे चारला निघालो, हातात बॅटऱ्या. चौथं देऊळ सर्वांत उंच, 65 मीटर, बाजूनं लाकडी जिने. माझे गुडघे साठीच्या उंबरठ्यावरचे आहेत. दोनदा टेकत गेले, कोणी घाई केली नाही. वर दगडी पायरीवर तीसेक माणसं गप्प बसलेली.

सूर्योदय दिसला नाही. धुकं होतं, नुसतं पांढरं. काही जण चुकचुकले. पण आधी लांब कुठे माकडं सुरू झाली, मग जवळची, मग पोपट, मग टुकान पक्षी, बेडकासारखा. हळूहळू धुक्यातून तीन देवळांची माथी वर आली, खाली रानच रान, क्षितिजापर्यंत. 2018 मध्ये विमानातून लेसरनं याच पेतेन भागाचा नकाशा केला तेव्हा झाडीखाली साठ हजारांवर बांधकामं निघाली. म्हणजे समोर जे रान दिसत होतं ते रान नव्हतंच, वस्ती होती. उगवता सूर्यच हवा असेल तर पैसे वाचवा, फेब्रुवारीत धुकं फार. कान घेऊन जाणार असाल तर जरूर जा.

गाऱ्हाणं एक राहिलं. गाईड लॉजमार्फत घेतला. ठरले होते दोघांचे पैसे प्रौढांचे आणि माझे ज्येष्ठ नागरिकाचे. हिशेबाच्या वेळी तिघांचे पूर्ण लावले. म्हणाले, ती सवलत तिकिटाला होती. तिकिटालाही नव्हती, ते आम्ही पाहिलं होतं. वाद घातला, निम्मे परत मिळाले. काय ते लिहून घ्या आधीच.

लहान मुलं, आणि ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही ती मोठी मुलं, यांना नेऊ नका. पूर्ण बाह्यांचे कपडे न्या, गोचिडी असतात. बॅटरी न्या, सुई-दोरा न्या. तिकालला मी पाचपैकी पाच देईन, स्वयंपाकघरालाही पाच, खोलीला चार, आणि त्या ‘इको’ शब्दाला दोन, तेही काळोखासाठी.

परत आल्यावर पाहुण्यांना घेऊन कशेळीच्या सड्यावर गेले, कातळशिल्पांकडे. आपला तो भला मोठा हत्ती, पोटात मासे, पक्षी, जनावरं भरलेला. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून माणसं विचारत येतात. कोणी कोरली, का कोरली, इथे राजाचं नाव नाही की तारीख नाही. आधी मी दहा मिनिटांत आटपायचे. या वेळी त्यांना खाली बसवलं आणि पाऊस पडला की या सड्यावरचं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. मलाही ते नीट माहीत नव्हतं, वाडीतल्या गुराख्यानं सांगितलं.

घरी दोन बदल केले. खोल्यांतल्या बाटल्या बंद, ओटीवर माठ आणि तांब्या. आणि रात्री दहानंतर पडवीतली ट्यूब बंद, लागला तर कंदील. यांना पटलं नाही, साप येतील म्हणाले. साप ट्यूब लावली तरी येतात.

मेच्या शेवटी पुण्याहून एक कुटुंब येऊन गेलं. परवा त्यांचं परीक्षण आलं: जेवण उत्तम, माणसं प्रेमळ, पण रात्री फार अंधार आणि पाणी माठातलं. तीन तारे. त्यांची आठ वर्षांची मुलगी खळ्यात बसून काजवे मोजत होती, अकरा वाजले तरी उठत नव्हती. ते त्यांनी लिहिलेलं नाही.